लंडनहून पॅरिस किती लांब?

लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या उत्तर सीमेला लागून जाणाऱ्या रस्त्यालगत एक जुनी लोखंडी तोफ जमिनीत उभी रोवलेली आहे. तिचं तोंड आकाशाकडे आहे. विमान गाठण्याच्या घाईत असलेल्यांचं तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. लंडन आणि पॅरिस यांच्यातलं अंतर काटेकोरपणे मोजण्याच्या कामाला जिच्यापासून सुरुवात झाली, त्या रेषेचं एक टोक ही तोफ दाखवते. आज पॅरिसची विमानं सुटतात तिथूनच, १७८४ साली, पॅरिस नेमकं किती लांब आहे याचा शोध सुरू झाला होता.

त्यामागे फ्रेंच शास्त्रज्ञ कासिनी द थ्युरी यांचं एक निवेदन होतं. १७८३ साली त्यांनी ब्रिटिश सरकारला कळवलं की ग्रिनिच आणि पॅरिस या युरोपातल्या दोन नामांकित वेधशाळांचं एकमेकींपासूनचं स्थान अजून पक्कं ठरलेलं नाही. रेखांशाबद्दलच्या मतांमध्ये वेळेच्या ११ सेकंदांचा फरक पडत होता. ११ सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण पृथ्वी फिरत असते आणि या अक्षांशांवर तेवढ्या वेळात जमीन तीन किलोमीटरहून जास्त सरकते. म्हणजे आकाशातले ग्रह टिपणाऱ्या विद्वानांना एकमेकांच्या इमारतींमधलं अंतर तीन किलोमीटरच्या चुकीशिवाय सांगता येत नव्हतं. ग्रिनिचच्या लोकांना हे निवेदन झोंबलं, पण रॉयल सोसायटीने काम अंगावर घेतलं आणि ते सोपवलं विल्यम रॉय या लष्करी अभियंत्याकडे.

रॉय यांनी हौन्स्लो हीथचं सपाट माळरान निवडलं. तिथे एक सरळ रेषा आखायची, ती शक्य तितक्या अचूकपणे मोजायची आणि पुढे तिच्याच आधारावर त्रिकोणांची साखळी समुद्रापर्यंत न्यायची, असा बेत होता. मोजण्यासाठी आधी लाकडी दांडे बनवले. इंग्लंडच्या दमट हवेत ते फुगू-आकसू लागले, तेव्हा ते बाजूला ठेवून २० फुटी काचेच्या नळ्या वापरल्या. रेषेची लांबी भरली सुमारे २७,४०४ फूट, म्हणजे ८.३५ किलोमीटर. पुढचे कोन मोजायला जेसी रॅम्सडेन या यंत्रकाराने तीन फूट व्यासाच्या वर्तुळाचा थिओडोलाइट बनवायला घेतला आणि त्याला तीन वर्षं लावली. १७८७ च्या शरद ऋतूत इंग्लिश खाडीच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या उंच जागांवर रात्री पांढरे झगझगीत दिवे पेटवले गेले. इकडे रॉय, तिकडे धाकटे कासिनी, मेशँ आणि लजांद्र हे फ्रेंच शास्त्रज्ञ. समुद्र ओलांडून कोन जुळले आणि दोन राजधान्या एकाच मापात बांधल्या गेल्या. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये क्रांती झाली, नंतर दोन्ही देश दीर्घकाळ युद्धात गुंतले. ते मोजमाप शांततेच्या फार थोड्या अवकाशात उरकलं होतं.

हीच पद्धत घेऊन विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला. दक्षिणेकडून उत्तरेकडे त्रिकोण जोडत ते वऱ्हाडापर्यंत आले आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट इथे वारले. हौन्स्लोच्या माळरानावर जन्मलेली मोजणी अशी वर्धा जिल्ह्यापर्यंत पोचलेली आहे.

आज हेच अंतर काढायला तोफ लागत नाही की थिओडोलाइट. शाळेतलं गणित पुरतं. लंडन ५१.५१ अंश उत्तर अक्षांशावर, पॅरिस ४८.८६ अंशांवर. फरक सुमारे २.६५ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून पॅरिस लंडनच्या दक्षिणेला २९५ किलोमीटर आहे. रेखांशाचं थोडं वेगळं असतं, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात. विषुववृत्तावर एक अंश १११ किलोमीटरचा असतो, तोच या दोन शहरांच्या मधल्या भागात सुमारे ७१ किलोमीटरचा उरतो. लंडन शून्य रेखांशाच्या किंचित पश्चिमेला, पॅरिस पूर्वेला, फरक २.४८ अंश. म्हणजे पूर्वेकडे सुमारे १७७ किलोमीटर. आता पायथागोरसला बोलवायचं: २९५ चा वर्ग अधिक १७७ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ३४४ किलोमीटर. खूप लांबच्या अंतराला हे सपाट गणित चालणार नाही, गोलाचं गणित करावं लागेल. इथे मात्र ते छान जुळतं.

गोलाईचा परिणाम इतका कमी का, हेही पाहण्यासारखं आहे. समजा, लंडनपासून पॅरिसपर्यंत पृथ्वीच्या पोटातून अगदी सरळ बोगदा खणला. मध्यावर तो जमिनीखाली सव्वादोन किलोमीटरहून खोल जाईल आणि एवढ्या खटाटोपात रस्ता वाचेल फक्त ४० मीटरच्या आसपास.

मात्र ३४४ हा आकडा कुठल्या बिंदूपासून कुठल्या बिंदूपर्यंत? लंडनची अंतरं चेअरिंग क्रॉस इथल्या राजा पहिल्या चार्ल्सच्या अश्वारूढ पुतळ्यापासून मोजण्याची रीत आहे. पॅरिसची अंतरं नोत्र-दाम चर्चसमोरच्या फरसबंदीत बसवलेल्या शून्य बिंदूपासून मोजतात. या दोन ठिकाणांमधलं आकाशातलं सरळ अंतर ३४४ किलोमीटर. गाडीने इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून पलीकडे जाऊन पॅरिस गाठलं तर सुमारे ४६० किलोमीटर. युरोस्टार रेल्वेने ४९२. लोहमार्ग सरळ जात नाही. तो केंट परगण्यातून पूर्वेकडे वळतो, खाडीखालच्या ५० किलोमीटरच्या बोगद्यातून निघतो, लील शहराच्या बाजूने वळसा घेतो आणि मग दक्षिणेला उतरतो.

विमानाचं अंतर शहरांमधलं नसतं, धावपट्ट्यांमधलं असतं. हीथ्रो ते पॅरिसचं शार्ल द गोल हे ३४७ किलोमीटर. शहरांच्या अंतराच्या इतकं जवळ, की दोन्ही एकच समजले जातात. हीथ्रोऐवजी ल्यूटनहून निघालात तर सुमारे ३८० किलोमीटर. उतरायचं पॅरिसच्या ओर्ली विमानतळाला असेल तर हीथ्रोहून ३६५. स्वस्त विमानसेवांच्या तिकिटांवर 'पॅरिस' असं लिहिलेलं बोव्हे हे विमानतळ तर पॅरिसपासून ८० किलोमीटरहून लांब आहे. तिथे उतरल्यावर पॅरिसला पोचायला बसने सव्वा तास लागतो. तिकिटावरच्या शहराच्या नावावर विसंबण्याआधी विमानतळाचं नाव वाचावं, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. कारण वाया जाणारा वेळ प्रवाशाचा असतो.

आता उड्डाणाच्या वेळेकडे येऊ. जेट विमान वरच्या हवेत ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. ३४७ ला ८३० ने भागलं तर २५ मिनिटं येतात. वेळापत्रकात मात्र १ तास १५ मिनिटांपासून १ तास २५ मिनिटांपर्यंतचे आकडे दिसतात. मधली पन्नासेक मिनिटं कुठे जातात?

पहिली गोष्ट अशी की वेळापत्रकातली वेळ हवेतली नसतेच. तिला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान दारापासून मागे ढकललं जातं तिथपासून, पलीकडच्या विमानतळावर ते दाराशी थांबतं तिथपर्यंतचा हा काळ. हीथ्रोसारख्या ठिकाणी विमान दारापासून धावपट्टीच्या तोंडापर्यंत रांगेत सरकत जातं. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, आणि वर्षाला विमानांच्या ये-जांवर ४,८०,००० ची कायदेशीर मर्यादा. ती मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरली जाते, त्यामुळे एका विमानाचा उशीर पुढच्यांच्या अंगावर येतो. शार्ल द गोलला चार धावपट्ट्या आहेत, पण विमानतळ अवाढव्य आहे. उत्तरेकडच्या धावपट्टीवर उतरलेलं विमान आपल्या इमारतीशी पोचायला दहा-बारा मिनिटं सहज घेतं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. विमानं वाऱ्याला तोंड देऊन चढतात आणि उतरतात. दक्षिण इंग्लंडमध्ये वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो. म्हणून हीथ्रोहून पॅरिसला, म्हणजे आग्नेयेला निघालेलं विमान बहुतेकदा पश्चिमेकडे तोंड करून उडतं, पॅरिसकडे पाठ फिरवून. मग वळतं. पॅरिसलाही तोच पश्चिमेचा वारा असला तर विमान विमानतळाच्या बाजूने पूर्वेला जातं, पुन्हा वळतं आणि पश्चिमेकडे तोंड करून उतरतं. या दोन वळशांनी ३४७ चे चारशे किलोमीटर सहज होतात. लांबच्या प्रवासात असे वळसे कळतही नाहीत. इथे ते एकूण अंतराचा मोठा हिस्सा खाऊन टाकतात.

तिसरी गोष्ट उंचीची. ताशी ८३० किलोमीटरचा वेग विरळ हवेत मिळतो. तिथवर चढायला पंधरा-वीस मिनिटं, आणि तिथून उतरायला त्याहून थोडी जास्त. लंडन-पॅरिस प्रवासात विमान जेमतेम वर पोचतं तोच उतरायची तयारी सुरू होते. दहा हजार फुटांखाली विमानांचा वेग सहसा २५० नॉटवर, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरवर, आवरून धरलेला असतो. पूर्ण वेगाचा सपाट टप्पा काही मिनिटांचाच. सगळं मिळून चाक जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत पाऊण तास ते पंचावन्न मिनिटं लागतात.

या पाऊण तासात वैमानिक अनेक आवाजांशी बोलतो. हीथ्रोचा मनोरा, मग हॅम्पशायरमधल्या स्वॉनविकचं नियंत्रण केंद्र, खाडी ओलांडताना फ्रेंच नियंत्रक, शेवटी शार्ल द गोलचा मनोरा. आणि त्याही आधी ब्रसेल्सच्या युरोकंट्रोलमध्ये युरोपभरच्या उड्डाणांचा ताळमेळ घातला जातो. आकाशाच्या एखाद्या भागात गर्दी होणार असेल तर उडण्याची वेळ तिथून ठरवून दिली जाते. त्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत उडायचं, नाहीतर नवी वेळ मागायची. विमान पूर्ण भरून, दारं बंद करून उभं आहे आणि हलत नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. त्याचं कारण बहुधा हेच असतं. हवेत घिरट्या घालण्यापेक्षा जमिनीवर थांबणं बरं: इंधन वाचतं आणि आकाश मोकळं राहतं.

परतीच्या वाटेवर घिरट्या चुकतातच असं नाही. लंडनभोवती चार ठिकाणी विमानं थांबवून ठेवायची व्यवस्था आहे. आग्नेयेकडून येणाऱ्यांसाठी ती बिगिन हिलच्या वर आहे. विमानं हजार-हजार फुटांच्या अंतराने एकावर एक चक्कर मारत राहतात. सगळ्यात खालचं निघालं की वरची एकेक पायरी उतरतात. हे सगळं धरूनच विमान कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटं जास्तीची घालतात. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर आलं असं मानण्याची पद्धत आहे, आणि त्या हिशेबात आपलं नाव चांगलं राहावं असं प्रत्येकीला वाटतं. ३४७ किलोमीटर १ तास २० मिनिटांत, म्हणजे ताशी २६० किलोमीटर. जेट विमानाचा हा खरा सरासरी वेग, दारापासून दारापर्यंतचा. फ्रान्सच्या वेगवान गाड्या रुळांवर ३०० ने धावतात.

या मार्गाचा इतिहास पाहिला की हे कोडं आणखी रंजक होतं. विमानं नव्हती तेव्हा आगगाडी, बोट, पुन्हा आगगाडी असा प्रवास असे. १३ मार्च १९१० रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली, ती पॅरिसहून असाच प्रवास करून ते उतरले तेव्हा. विमानं आल्यावरही ही वाट बंद पडली नाही. १९२९ मध्ये 'गोल्डन ॲरो' ही आलिशान गाडी व्हिक्टोरियाहून सुटू लागली. खाडी बोटीने, पुढे फ्रेंच गाडी, आणि पॅरिसला पोचायला साडेसहा तासांच्या आसपास.

खाडीवरून पहिलं विमान सावरकरांच्या त्या प्रवासाच्या आदल्याच वर्षी गेलं होतं. २५ जुलै १९०९ च्या पहाटे लुई ब्लेरिओ कॅलेजवळून उडाले आणि साधारण साडेछत्तीस मिनिटांनी डोव्हरच्या किल्ल्याजवळ आदळत उतरले. दहा वर्षांनी, २५ ऑगस्ट १९१९ रोजी, लंडन-पॅरिस रोजची विमानसेवा सुरू झाली. विमान युद्धातल्या बॉम्बफेकी विमानात फेरफार करून बनवलेलं, डी हॅविलँड ४ए. त्यात एक पत्रकार, वर्तमानपत्रं, कातडी सामान, डेव्हनशायरची साय आणि शिकारीचे पक्षी. भाडं एका वेळचं २१ पौंड. सुटण्याचं ठिकाण हौन्स्लो हीथ, म्हणजे रॉय यांनी मोजणी केलेलं तेच माळरान. पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर पोचायला अडीच तास लागले.

त्या काळात आकाशात रस्ते नव्हते. वैमानिक खालचे रस्ते आणि रेल्वेचे रूळ पाहत जात. याची किंमत ७ एप्रिल १९२२ रोजी मोजावी लागली. धुक्यात, उत्तर फ्रान्सच्या पिकार्डी भागावर, लंडनहून निघालेलं टपालाचं विमान आणि पॅरिसहून निघालेलं प्रवासी विमान एकाच रस्त्याच्या खुणेवरून समोरासमोर येत होती. दोन्ही धडकली आणि सात जण गेले. प्रवासी विमानसेवेतली हवेतल्या हवेतली ही पहिली टक्कर. त्यानंतर उजवी बाजू धरून उडणं, रेडिओवर स्थान कळवणं, ठरलेल्या वाटांनी जाणं हे नियम आवळले गेले. आज नियंत्रकांशी होणाऱ्या बोलण्यामागे आणि विमानाला पडणाऱ्या वळशांमागे त्या सात जणांचा मृत्यूही आहे. वळशांच्या मिनिटांबद्दल तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

१९३१ पासून इंपीरियल एअरवेजची हँडली पेज ही दुपंखी विमानं लंडनच्या क्रॉयडनहून पॅरिसला जात. वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर, प्रवास सव्वादोन तासांच्या आसपास, आणि टेबलावर चिनी मातीच्या ताटांत जेवण. मग दुसरं महायुद्ध झालं, आणि २९ जुलै १९५० रोजी ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं व्हायकाउंट विमान लंडनच्या नॉर्थोल्टहून ल बूर्जेला निघालं. टर्बाइन इंजिनाच्या विमानाने तिकीटधारक प्रवाशांना नियमित सेवेत नेण्याची जगातली ती पहिलीच वेळ. त्याला लागली ५७ मिनिटं.

हा आकडा पुन्हा वाचावा. १९१९ मध्ये १५० मिनिटं, १९५० मध्ये ५७. तीस वर्षांत दीड तासाहून जास्त वाचला. पुढच्या पाऊणशे वर्षांत विमानं अधिक वेगवान, अधिक सुरक्षित, अधिक मोठी झाली, आणि हवेतली वेळ मोजकीच मिनिटं कमी झाली. चढणं, उतरणं आणि वळसे यांत वेगाला फारसा वावच नाही, हे वर पाहिलं. या काळात कमावलं ते वेगळं: भरवसा. लंडनच्या धुक्यात विमानं तासन्तास अडकून पडत. १० जून १९६५ रोजी पॅरिसहून हीथ्रोला आलेलं ट्रायडेंट विमान टेकण्याचा अखेरचा क्षण यंत्राच्या हाती देऊन उतरलं. प्रवाशांनी भरलेल्या नियमित विमानाच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं. धुक्यामुळे रद्द होणारी विमानं या वाटेने कमी होत गेली. मला विमानाच्या वेगापेक्षा ही प्रगती मोठी वाटते. सव्वा तासाचं विमान दुसऱ्या दिवशी सुटणार असेल तर सव्वा तासाला काय अर्थ?

घड्याळांचीही एक गंमत आहे. लंडनहून सकाळी १० ला निघालेलं विमान पॅरिसला १२ वाजून २० मिनिटांनी पोचतं, आणि पॅरिसहून १० ला निघालेलं लंडनला १० वाजून २० मिनिटांनी. पहिल्यांदा तिकीट पाहणारा गोंधळतो. पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे आहे म्हणून असं होतं. सूर्याच्या हिशेबाने हा फरक फक्त ९ मिनिटं २१ सेकंदांचा आहे. रॉय आणि कासिनी यांनी ज्याचा शोध घेतला तोच आकडा हा. फ्रान्सने १९११ साली कायद्याने आपली वेळ ग्रिनिचशी जुळवली, पण कायद्यात ग्रिनिचचं नाव घातलं नाही: पॅरिसची सरासरी वेळ ९ मिनिटं २१ सेकंदांनी मागे घेतली, इतकंच लिहिलं. मग जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं आणि घड्याळं बर्लिनप्रमाणे लावली गेली. युद्ध संपलं, सैन्य गेलं, वेळ तशीच राहिली. म्हणून आजही हिवाळ्यात पॅरिसमध्ये सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात पाऊण वाजून गेलेला असतो.

आता प्रवाशाच्या दृष्टीने पाहू. त्याला धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत जायचं नसतं, घरापासून मुक्कामापर्यंत जायचं असतं. हीथ्रो मध्य लंडनच्या पश्चिमेला २३ किलोमीटरवर आहे, म्हणजे आग्नेयेच्या पॅरिसला जायला आधी पश्चिमेकडे जायचं. पॅडिंग्टनहून जलद गाडीने १५ मिनिटं, साध्या भुयारी रेल्वेने तासभर. आंतरराष्ट्रीय प्रवासाला दोन तास आधी पोचायचं. विमानाची १ तास २० मिनिटं. पलीकडे पारपत्राची रांग, सामानाची वाट आणि आरईआर या उपनगरी गाडीने पॅरिसच्या उत्तर स्थानकापर्यंत अर्धा तास. बेरीज पाच तासांच्या पुढे जाते. त्यातली बहुतेक मिनिटं जमिनीवरची.

जमिनीवरची मिनिटं काढून टाकली तर काय होतं, हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवलं गेलं आहे. ब्लेरिओंच्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून जुलै १९५९ मध्ये 'डेली मेल' वृत्तपत्राने एक शर्यत भरवली: लंडनच्या मार्बल आर्चपासून पॅरिसच्या आर्क द त्र्योंफपर्यंत, कुठल्याही दिशेने, कुठल्याही साधनाने, कमीत कमी वेळात. जिंकले ब्रिटिश हवाई दलाचे स्क्वॉड्रन लीडर चार्ल्स मॉन. मोटारसायकलच्या मागच्या आसनावरून हेलिकॉप्टरपर्यंत, हेलिकॉप्टरने लढाऊ हंटर जेटपर्यंत, आणि पलीकडे पुन्हा तसंच. वेळ: ४० मिनिटं ४४ सेकंद. एका कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत. प्रत्येक सांध्यावर पुढचं वाहन इंजिन चालू ठेवून उभं होतं. कुठे रांग नव्हती, कुठे तपासणीसाठी थांबणं नव्हतं. आजचा प्रवासी तेवढ्या वेळात सुरक्षा तपासणीतून बाहेर पडतो.

या सांध्यांवरच रेल्वेने बाजी मारली. खाडीखालचा बोगदा ६ मे १९९४ रोजी औपचारिकपणे खुला झाला, त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला लंडनच्या वॉटर्लू स्थानकाहून युरोस्टार सुटू लागली. तेव्हा तीन तास लागत, कारण इंग्लंडच्या बाजूचा मार्ग जुना होता. फ्रान्समध्ये ताशी ३०० ने धावलेली गाडी केंटमध्ये उपनगरी गाड्यांच्या मागे रेंगाळत असे. नवा वेगवान मार्ग पूर्ण झाला आणि १४ नोव्हेंबर २००७ पासून गाडी सेंट पँक्रस स्थानकाहून निघू लागली. आता सगळ्यात जलद गाडी २ तास १६ मिनिटांच्या आसपास पॅरिसच्या उत्तर स्थानकात पोचते. सरासरी ताशी २१७ किलोमीटर. विमानाच्या २६० पेक्षा कमी, पण शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत. दोन्ही देशांची पारपत्र तपासणी निघण्यापूर्वीच होते, त्यामुळे उतरल्यावर सरळ रस्त्यावर येता येतं. या दोन शहरांदरम्यानच्या प्रवाशांपैकी बहुसंख्य लोक आता रेल्वेने जातात.

अर्थात रांग रेल्वेलाही चुकली नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून सेंट पँक्रसची तपासणी कडक आणि लांब झाली आहे. तास-सव्वा तास आधी पोचणं शहाणपणाचं. ऑक्टोबर २०२५ पासून संघाबाहेरच्या नागरिकांच्या बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवण्याची नवी पद्धतही टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. भारतीय पारपत्रधारकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही आणि शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही. दोन्ही आधीच हातात हवेत. परत लंडनलाच यायचं असेल तर ब्रिटनच्या व्हिसावर पुन्हा प्रवेशाची मुभा आहे ना, तेही तपासायला हवं.

फ्रान्सने २०२१ च्या हवामान कायद्याने, रेल्वेने अडीच तासांत जाता येत असेल तिथल्या देशांतर्गत विमानफेऱ्यांवर बंदी आणली, आणि २०२३ मध्ये ती अमलात आली. पॅरिसच्या ओर्लीहून बोर्दो, नांत आणि ल्यों या शहरांच्या फेऱ्या त्यात गेल्या. लंडन-पॅरिस रेल्वेने सव्वादोन तासांचं आहे, म्हणजे ही कसोटी ते उत्तीर्ण होतं. पण मार्ग दोन देशांमधला असल्याने कायदा त्याला लागू होत नाही. माझ्या मते निव्वळ या दोन शहरांमध्ये जाणाऱ्याने रेल्वेच घ्यावी. विमानाचं समर्थन करता येतं ते एकाच प्रकारच्या प्रवाशासाठी: मुंबईहून हीथ्रोला उतरून विमानतळाबाहेर न पडता पुढे पॅरिसला जाणारा, किंवा पॅरिसला विमान बदलून लंडनला येणारा. त्याला शहरांच्या मध्याशी देणंघेणं नसतं. त्याचं सामान एका विमानातून दुसऱ्या विमानात परस्पर जातं. त्याने पाहायचं ते इतकंच, की दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ आहे का, आणि दोन्ही एकाच इमारतीतून सुटतात का.